दार उघडते, पण भेट होत नाही

ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीचा मी सात वर्षे सचिव होतो. पुनर्विकासाच्या संमतिपत्रांची फाइल त्या काळात माझ्याकडेच असे. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत; अख्खी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणत असे. पहिल्या संमतिपत्रावरची त्यांची सही फळ्यावर लिहावी तशी सुवाच्य होती. दीड वर्षाने दुसरे संमतिपत्र त्यांच्या भाच्याने आणून दिले, तेव्हा सहीच्या जागी अंगठा होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर हात चालत नाही, असे त्याने सांगितले आणि ते खरेही असेल. मी वर जाऊन बाईंना विचारले नाही, कारण आम्हाला संमती हवी होती. हे सोडून बाकीचे लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पुढचे काही महिने बाई कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत. वर्षानुवर्षे येणाऱ्या कामवाल्या मावशींना येऊ नका म्हणून सांगितले गेले. बेल वाजवली की भाचा दार उघडी, नम्रपणे बोले आणि मावशी झोपली आहे असे सांगे. शेवटी आम्ही तिघांनी पोलिसांना कळवले. दोन शिपाई आले, भाच्याने त्यांना आत घेतले, तो पलंगाच्या उशाशी उभा असताना त्यांनी ‘काही त्रास आहे का’ असे बाईंना विचारले, बाईंनी मान हलवली आणि ‘तक्रार नाही’ अशी नोंद झाली. प्रश्न योग्यच होता. फक्त ज्याच्याविषयी तो होता, त्याच्याच देखत तो विचारला गेला.

या एका अडचणीसाठी वेल्समध्ये कायद्याने स्वतंत्र आदेश ठेवला आहे, हे मला पुष्कळ उशिरा वाचनात आले. तिथल्या २०१४ च्या समाजसेवाविषयक कायद्याच्या कलम १२७ नुसार, एखाद्या प्रौढ व्यक्तीचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा सबळ संशय असेल, तर स्थानिक प्रशासनाचा प्राधिकृत अधिकारी दंडाधिकाऱ्याकडे आदेश मागू शकतो. आदेशाचे हेतू मोजके आहेत : त्या व्यक्तीशी एकांतात बोलणे, ती आपले निर्णय मोकळेपणाने घेते आहे का हे पाहणे आणि पुढे काही करण्याची गरज आहे का ते ठरवणे. अधिकारी घरात शिरल्यामुळे तिचा धोका वाढणार नाही, याचीही दंडाधिकाऱ्याला खात्री पटावी लागते. सोबत पोलीस असू शकतो. मात्र त्या व्यक्तीला घराबाहेर नेण्याचा अधिकार या आदेशाने मिळत नाही. स्कॉटलंडचा २००७ चा कायदा याहून पुढे जातो आणि सात दिवसांपर्यंत दुसरीकडे हलवण्याचा आदेशही देतो. परंतु व्यक्तीची संमती नसेल तर तो आदेश निघत नाही, अपवाद एवढाच की नकार कोणाच्या तरी अवाजवी दबावाखाली दिला आहे असे न्यायालयाला वाटले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१२ साली यावर लोकांची मते मागवली गेली, पण २०१४ च्या कायद्यात चौकशीचे कर्तव्य आले आणि घरात जाण्याचा अधिकार मात्र आला नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा अधिनियम २००७ चाच आहे. त्याच्या कलम ५ नुसार अर्ज स्वतः ज्येष्ठाने करायचा, तो असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा संस्थेने करायचा, नाही तर न्यायाधिकरणाने आपणहून दखल घ्यायची. ज्यांच्यापर्यंत कोणी पोचूच शकत नाही, त्या बाईंनी आम्हाला अधिकारपत्र कसे द्यावे? केंद्राच्या आदर्श नियमांत पोलिसांनी शक्यतो समाजसेवकासह महिन्यातून एकदा ज्येष्ठांच्या घरी जावे असे आहे, पण त्यातला भर एकट्या राहणाऱ्यांवर आहे, आणि बाई एकट्या नव्हत्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली डांबून ठेवलेल्या माणसाच्या शोधासाठी वॉरंट निघते, पण इथे तर दार उघडत होते. आम्हाला खरोखर उपयोगी पडली असती ती दिव्यांग हक्क कायद्याची, २०१६ ची तरतूद. तिच्या कलम ७ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो आणि तो सुटकेचा आदेश काढू शकतो. तहसील कार्यालय आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि हे कलम आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

तरीही कलम ७ चा रोख सुटकेवर आहे. मला हवा आहे तो त्याच्या अलीकडचा, लहानसा आदेश : प्रशिक्षित समाजसेविकेने अर्धा तास बसावे, घरातल्या बाकीच्यांनी त्या वेळी खोलीबाहेर थांबावे. यावर माझ्या मित्रांचा आक्षेप असा की ठाण्यासारख्या शहरात, जिथे जुन्या दोन खोल्यांवरून सख्खी भावंडे कोर्टात उभी राहतात, तिथे दुसरा भाचा पहिल्याविरुद्ध हाच आदेश वापरील. वापरीलही. परंतु अशा आदेशाने त्याच्या हाती ना घर लागते ना मावशी. फार तर मावशीचे म्हणणे नोंदले जाते. ‘घरच्या गोष्टीत सरकारी माणूस कशाला’ हा प्रश्न कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमले तेव्हाच निकालात निघायला हवा होता. खरी भीती वेगळीच आहे, आणि तिला माझ्याकडे पुरते उत्तर नाही : समाजसेविका निघून गेल्यावर बाई पुन्हा त्याच घरात त्याच माणसाच्या हातचे पाणी पिणार. वेल्समधली धोका न वाढण्याची अट म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आणि एकांतातही बाई म्हणाल्या असत्या की ‘मला इथेच राहायचे आहे’, तर आम्ही निमूटपणे खाली उतरायला हवे होते.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर बाईंना गावी नेल्याचे भाच्याने सांगितले. कोणत्या गावी, हे सोसायटीच्या दप्तरात नाही. मेन्टेनन्स वेळेवर येतो, पावती भाच्याच्या फोनवर जाते, आणि फाइलमध्ये ती दोन्ही संमतिपत्रे अजून एकाच टाचणीत आहेत.