‘आधी बोलेल त्याचा पहिला राउंड’ हा डी अँड डीचा नियम नाही

सोलापुरात डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक नियम तोंडोतोंडी फिरतोय, आणि आता नव्या डीएमना (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरना) तो लिहूनही पाठवला जातोय. नियम असा: ‘मी वार करतो’ हे जो आधी म्हणेल त्याच्या बाजूला एक राउंड (प्रत्येकाची एकेक पाळी) फुकट. त्या राउंडमध्ये समोरचे झाडून सगळे गाफील. तो संपला की मग इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा. वर दोन पुरवण्या जोडलेल्या असतात. लढाईआधीच बाण ताणून ठेवता येतो, ही एक. 2024 च्या नियमपुस्तकाने गाफीलपणा काढूनच टाकलाय, ही दुसरी. यातलं काहीच टिकत नाही, आणि नव्या खेळाडूंचा यात खरोखर तोटा होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी बोलेल तो आधी मारेल, हा पहिला मुद्दा. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे 2014 च्या नियमांत, क्रम ठरलेला आहे. कोण गाफील आहे हे डीएम ठरवतो, कोण कुठे उभा आहे ते सांगतो, सगळे इनिशिएटिव्ह टाकतात आणि मग पाळ्या सुरू होतात. वार त्याच्या आधी होतच नाही. पाटलाशी बोलता बोलता कुणी कट्यार काढायची ठरवली, तर त्या वाक्याने लढाई सुरू होते, कट्यार लागत नाही. पाटलाचा आकडा वर आला, तर हात म्यानाकडे जाताना त्याने पाहिला, एवढाच त्याचा अर्थ. खेळाडूची पाळी आल्यावर त्याला बेत बदलायचीही मोकळीक असते. हे सोडून दिलं की काय होतं? टेबलावर मोठ्या आवाजाचा एक जण ‘थांब बे, मी मारलो की’ म्हणतो आणि तोच पहिला ठरतो. शांत बसणाऱ्या मुलीने इनिशिएटिव्ह वाढवणारी डेक्स्टेरिटी (चपळाई) 18 केली, त्याला आणखी +5 देणारं अलर्ट हे फीट (खास कसब) घेतलं, ते सगळं पाण्यात. आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

दुसरा मुद्दा, समोरची सगळी बाजू गाफील. गाफीलपणा माणशी मोजायचा असतो. लपलेल्या प्रत्येकाने स्टेल्थ (लपण्याचा फासा) टाकायचं आणि समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्ह परसेप्शनशी (फासा न टाकता धरलेल्या सावधपणाच्या आकड्याशी) ते ताडायचं. समजा, आपल्या भुईकोटासारख्या किल्ल्याच्या खंदकाकाठी चौघे दबा धरून बसलेत. त्यांचं स्टेल्थ 17, 14, 13 आणि 8. वर साधा पहारेकरी आहे, त्याचं पॅसिव्ह 12. सोबत एक टेहळ्या, त्याचं 15. गाफील ठरायला एकही शत्रू नजरेस पडता कामा नये. इथे 8 वाला दोघांनाही दिसतो, म्हणून कुणीच गाफील नाही. हा 8 वाला बहुतेक वेळा जड चिलखतातला फायटर असतो. त्या चिलखताने स्टेल्थला डिसॲडव्हान्टेज येतं, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. तो मागे झाडीत थांबला, तर पहारेकरी गाफील सापडतो. टेहळ्या तरीही नाही, कारण 14 आणि 13 वाले त्याला दिसतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सगळेच गाफील असतील तर गणित तेच ना? पाळ्या मोजल्या तर हो, तेच. गाफील माणसाची पहिली पाळी वाया जाते, त्यामुळे हल्लेखोरांना एक जादा पाळी मिळतेच. फरक पडतो तो पाळ्यांच्या मध्ये. गाफील माणूस पहिल्या पाळीत हलत नाही, ॲक्शन घेत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत त्याला रिॲक्शनही (आपली पाळी नसतानाही झटकन करायची कृती) नसते. पाळी संपली की तो गाफील राहत नाही. गाफील विझार्डचा (जादूगाराचा) इनिशिएटिव्ह 20 आणि दरोडेखोरांचा 14 धरा. विझार्डची पाळी कोरी गेली, पण बाण येईपर्यंत त्याची रिॲक्शन परत आलेली असते, म्हणून तो शील्ड हा बचावाचा मंत्र टाकू शकतो. आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 12 चा 17 होतो. +3 ने नेम धरणाऱ्या लपलेल्या दरोडेखोराला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) असतो, तरी त्याचा बाण लागायची शक्यता 84 टक्क्यांवरून 58 वर येते. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) जेमतेम 8. फुकटच्या राउंडमध्ये त्याला हा बचावच मिळत नाही.

असॅसिन रोगचंही (दबा धरून मारणाऱ्या पात्राचंही) तसंच. 2014 च्या नियमांत गाफील शत्रूला त्याचा वार लागला की तो क्रिटिकल (दुप्पट फाशांचा घाव). पण शत्रूची पाळी आधी होऊन गेली, तर तो गाफील उरत नाही आणि क्रिटिकल हुकतो. पाळी न झालेल्या शत्रूवर मिळणारा ॲडव्हान्टेजही जातो. रोग अजून लपलेलाच असेल, तर न दिसणाऱ्या हल्लेखोराचा ॲडव्हान्टेज तेवढा राहतो. असॅसिनलाही आधी इनिशिएटिव्ह जिंकावा लागतो, हा त्या क्षमतेचा भाग आहे, पळवाट नाही.

काही टेबलांवर फुकटचा राउंडही देतात आणि नंतर पहिल्या राउंडमध्ये गाफीलही धरतात. म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा वसुली. दरोडेखोरांनी हेच केलं, तर पहिल्या लेव्हलची अख्खी पार्टी पाळी न मिळता आडवी होईल.

ताणून ठेवलेल्या बाणाचं उत्तर लहान आहे. रेडी ही लढाईतली ॲक्शन आहे. ती आपल्या पाळीत घ्यायची, अट सांगायची, आणि अट पुरी झाली की रिॲक्शन खर्चून सोडायची. पुढची पाळी सुरू होईपर्यंतच ती टिकते. लढाईबाहेर पाळ्या नाहीत, म्हणून रेडीही नाही. तिथे मुभा दिली तर समोरचे पहारेकरीसुद्धा दिवसभर बाण ताणूनच उभे असणार.

2024 च्या पुस्तकात गाफीलपणा आहे, फक्त हलका केलाय. पाळी वाया जात नाही, गाफील माणूस इनिशिएटिव्ह डिसॲडव्हान्टेजने टाकतो. लपलेल्याला उलट ॲडव्हान्टेज मिळतो. सरासरी काढली तर एकाला साधारण 7.2 आणि दुसऱ्याला 13.8. साडेसहाची ही तफावत थोडी नाही.

फुकटच्या राउंडची समजूत आली कुठून, तेही सांगायला हवं. 3.5 आवृत्तीत (2003) आणि चौथीत (2008) सरप्राइज राउंड खरोखरच होता. पण त्यात पूर्ण पाळी नसून एकच ॲक्शन मिळायची, आणि हल्ला करणारे इनिशिएटिव्ह तेव्हाही आधीच टाकत. 1981 च्या बेसिक संचात प्रत्येक बाजूसाठी सहा बाजूंचा एक फासा, 1 किंवा 2 आला तर गाफील. बाजूच्या बाजू गाफील असणं तिथलं आहे. आधी बोलणाऱ्याला मान यातल्या एकाही आवृत्तीत नाही.

टेबलावर हे सांभाळायला फार काही लागत नाही. सगळ्यांचं पॅसिव्ह परसेप्शन डीएमने खेळाआधीच लिहून घ्यावं, ऐनवेळी विचारलं की खेळाडू सावध होतात. डीएम स्क्रीनच्या (डीएमसमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाच्या) वरच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून प्रत्येकावर नाव लिहा. गाफील असेल त्याचा चिमटा उलटा, त्याची पाळी संपली की सुलटा. एकाच जातीच्या शत्रूंसाठी एकच इनिशिएटिव्ह टाका. दोन खेळाडूंचा आकडा सारखा आला तर त्यांनी आपसात ठरवावं, खेळाडू आणि शत्रू यांच्यात आला तर डीएमने. आणि खाली सोलापुरी चादर अंथरली असेल तर इनिशिएटिव्हचा फासा ताटात टाका. जाड विणीवर तो कलंडून राहतो आणि आकड्यावरून भांडण लागतं. कलंडलेला फासा सरळ पुन्हा टाकायचा, हे लढाईच्या आधीच सांगून ठेवा.