‘मृत्युपत्रातलं दान टिकत नाही’ म्हणे!

‘ज्येष्ठांनो सावधान! मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवलंत तर कोर्टात टिकत नाही, पोटच्या मुलांचा हक्क पहिला. वर स्टॅम्प आणि नोंदणीचा भुर्दंड. त्यापेक्षा विश्वासू माणसाला नॉमिनी करा आणि तोंडी सांगून ठेवा.’ हा मेसेज मला महिन्याभरात तीन ग्रुपांवर आला. गाणं-वाजवणं शिकणाऱ्या मुलांना वाद्यं आणि फी पुरवणाऱ्या एका छोट्या न्यासाचे हिशेब मी बघतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी मुलांचा हक्क. हिंदू माणूस स्वतः कमावलेली मिळकत कुणालाही देऊ शकतो. एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सासुद्धा, हे 1956 च्या वारसा कायद्याच्या कलम 30 मध्येच आहे. मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे ते दुसरीकडे. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही आणि गोव्यात अर्धी मिळकत वारसांसाठी राखीव असते. ख्रिस्ती माणसाच्या धर्मादाय देणगीवर एक जाचक कलम होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये रद्द केलं.

भुर्दंड? मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. घरात भांडणाची शक्यता असेल तर मात्र नोंदणी कराच.

नॉमिनीचा सल्ला सगळ्यात घातक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे ताब्यात घेणारा माणूस. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या मिळकतीवरून झालेल्या खटल्यात, शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. तोंडी इच्छेचं तर बोलायलाच नको. तुमच्या पुतण्याच्या आठवणीवर कुणाची तबल्याची फी अवलंबून का ठेवायची?

खरी अडचण येते ती मेसेजमध्ये नसलेल्याच ठिकाणी. एका निवृत्त बाईंनी लिहून ठेवलं होतं, ‘माझा तंबोरा गाण्याच्या शाळेला.’ कोणत्या शाळेला? गावात क्लास दोन, दोघांनाही वाटलं आपल्यालाच. ठरेपर्यंत पावसाळा गेला आणि तंबोरा माळ्यावर. खाली काढला तेव्हा भोपळ्याला करंगळी जाईल एवढी चीर. मिरजेला नेला, कारागिराने भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, ‘भोपळा बदलावा लागंल.’ खर्च आम्हीच केला. म्हणून संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि धर्मादाय नोंदणी क्रमांक लिहा. ती बंद पडली तर कुणाला द्यायचं, तेही.

फ्लॅट देताना दोनदा विचार करा. न्यासाला स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि तोवर मेंटेनन्सची बिलं आमच्या माथी. त्यापेक्षा देणी फिटल्यावर उरेल त्याचा टक्का लिहिलेला बरा. ठरावीक आकडा वीस वर्षांनी हार्मोनियमच्या भात्यालाही पुरायचा नाही. आणि ‘दरवर्षी माझ्या नावे मैफल’ अशी अट घालू नका हो. हॉलच्या भाड्यातच सगळं संपतं.

तो तंबोरा आता अकरावीतल्या एका मुलीकडे आहे. परवा तिचा फोन आला, जव्हारी (तारांना झंकार देणारी घोडीवरची घासणी) खराब झाली आहे, पुन्हा मिरजेला न्यायचा का म्हणून.