क्वीन्समधून मराठीच्या वादाकडे बघताना

२०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करायचा आदेश काढला, जूनअखेर तो मागे घेतला, त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ सगळीकडे गेला. तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाचं एकच, तुमच्या अमेरिकेत झक मारत इंग्रजी शिकावं लागतं की नाही, मग इथे मराठी शिकायला काय होतं?

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते. हा शहराच्या पाच बरोंपैकी, म्हणजे मोठ्या विभागांपैकी, एक, २०२०च्या जनगणनेत वस्ती २४ लाखांच्या वर आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले. १९६५च्या कायद्याने इमिग्रेशनचा जुना देशवार कोटा गेला आणि हा भाग बदलत गेला. फ्लशिंगला चिनी आणि कोरियन, जॅक्सन हाइट्सला आधी आपले लोक आणि आता बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी, शेजारी कोलंबिया-इक्वेडोरचे, रिचमंड हिलला गयानाचे लोक, ज्यांच्या पणज्यांना इंग्रजांनी भारतातून उसाच्या मळ्यात राबायला नेलं होतं आणि जे आजही दिवाळी आणि फगवा, म्हणजे होळी, जोरात करतात.

तर मामा, इथे इंग्रजी न येता आयुष्य काढता येतं. फ्लशिंगमध्ये बँक, डॉक्टर, वकील सगळं चिनी भाषेत मिळतं. इथल्या मतपत्रिका इंग्रजीबरोबर स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि बंगालीत असतात, कारण इंग्रजी कमी येणारे नागरिक ठराविक संख्येच्या वर गेले की तसं करावंच लागतं, फेडरल कायदाच आहे. मराठी त्यात नाही, कारण आपण इथे येतो तेच बहुधा इंग्रजी घेऊन.

तरी लोक इंग्रजी शिकतात, कारण त्याशिवाय पगार वाढत नाही. दोन्ही मोठे विमानतळ, जेएफके आणि लागार्डिया, क्वीन्समध्येच आहेत, शिवाय हॉटेलं, बांधकाम, टॅक्सी, म्हाताऱ्यांची देखभाल, सगळीकडे भाषा आली की माणूस एक पायरी वर जातो. नाही आली तर मालक पैसे बुडवतो, घरमालक बेकायदा बेसमेंट भाड्याने देतो. २०२१मध्ये आयडा वादळात शहरात अशा बेसमेंटमध्ये पाणी शिरून माणसं बुडाली, त्यातली बहुतेक क्वीन्सची, हे सगळं गोड नाहीये. पण इथली सार्वजनिक लायब्ररी इंग्रजीचे वर्ग फुकट घेते, आणि त्याच इमारतीत बंगाली, चिनी, स्पॅनिश पुस्तकांची कपाटंही असतात. शिकायला आलेल्या माणसाला तू परका आहेस असं कुणी ऐकवत नाही.

आता हे सगळं जसंच्या तसं मुंबईला लागू होत नाही हे मला कळतं. इंग्रजीला कुणाची भीती नाही, मराठीला आहे, आणि ती भीती खरी आहे. मुंबईत मराठी न येता माणसाचं काही अडत नाही, नोकरी मिळते, बढती मिळते, मोठा फ्लॅटही मिळतो. राज्याची भाषा बँकेच्या काउंटरवर चालली पाहिजे हा आग्रह मला शंभर टक्के पटतो, आणि पहिलीतल्या पोरांवर तिसरी भाषा लादायची नाही हेही. पण दुकानदाराला मारून तो शिकत नाही, आपल्याला टाळायला लागतो फक्त. शिवाय मार खातो तो नेहमी फरसाणवाला नाहीतर सिक्युरिटीवाला, मराठीचा एक शब्द न बोलता कंपनी चालवणाऱ्या साहेबाला कुणी विचारायलाही जात नाही, याचा मला फार राग येतो.

मामाला मी म्हटलं, आपल्या वॉर्डात मोठ्या माणसाला मराठी शिकायचं असेल तर त्याने जायचं कुठे ते सांग. त्याला सांगता आलं नाही. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, मराठी माध्यमाचे वर्ग तर पटसंख्येअभावी बंदच होतायत, आणि शिकवू शकतील असे रिटायर्ड शिक्षक गल्लोगल्ली आहेत. तिथे रिक्षावाल्याला, डिलिव्हरीच्या पोराला जमेल अशा वेळी, रात्री आठनंतर, फुकट वर्ग सुरू करा, पैसे महापालिकेने द्यावेत, आणि ज्याने तो पूर्ण केला त्याला परवान्यात, बढतीत त्याचा फायदा मिळू द्या.