नॉर्वेचं सुख तेलातून वर आलेलं नाही

नॉर्वेवरचा एक मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिथला माणूस सुखी आहे कारण देशाला तेल सापडलं. तिथले मालक आणि कामगार मुळातच समंजस, संप त्यांना ठाऊक नाहीत. पुढारीसुद्धा मवाळ. तेव्हा आपल्याकडची युनियनबाजी थांबली तर इथेही तसंच होईल. हा मजकूर शिकलेली माणसं पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. त्यासाठी नॉर्वेच्या मजूर पक्षाचे पुढारी मार्टिन त्रानमेल यांचं आयुष्य पाहिलं तरी पुरे.

तेलाचं आधी पाहू. उत्तर समुद्रातला एकोफिस्कचा मोठा साठा सापडला १९६९ च्या अखेरीस. म्हातारपण, अपंगत्व, घरातल्या कर्त्याचा मृत्यू या सगळ्यांना एका छत्राखाली आणणारी राष्ट्रीय विमा योजना लागू झाली १ जानेवारी १९६७ ला. त्याआधी वृद्धांना पेन्शन देणारा कायदा १९३६ चा, बेकारी विम्याचा १९३८ चा. त्रानमेल गेले जुलै १९६७ मध्ये, म्हणजे एकोफिस्कच्या दोन वर्षं आधी. तेलाच्या पैशाने या व्यवस्थेला पुढे बळ दिलं हे खरंच आहे. पण पाया त्याआधीच घातलेला होता.

आता संप ठाऊक नसल्याची गोष्ट. १९२१ मध्ये मजुरीकपातीच्या वादात खलाशांपासून सुरू झालेला संप सार्वत्रिक झाला, सुमारे १,२०,००० कामगार उतरले आणि हरले. १९३१ ची, मालकांनी कामगारांना कामाबाहेर ठेवण्यासाठी पुकारलेली टाळेबंदी जवळपास पाच महिने चालली, ७५ लाखांच्या आसपास मनुष्यदिवस बुडाले. त्याच जूनमध्ये मेन्स्टाड इथे नॉर्स्क हायड्रो या कंपनीच्या बंदरावर संपफोड्यांवरून कामगार आणि पोलिसांची जुंपली, तेव्हा सरकारने सैनिक आणि नौदलाची जहाजं पाठवली. तेव्हाचा संरक्षणमंत्री होता विद्कुन क्विस्लिंग, पुढे नाझींशी हातमिळवणी करून कुप्रसिद्ध झालेला तोच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात संप आणि टाळेबंद्यांनी सर्वाधिक गाजलेल्या देशांत नॉर्वेची गणना होते. समंजस स्वभावाच्या देशाचं हे चित्र नाही.

आणि पुढारी मवाळ? त्रानमेल १८७९ चे, ट्रॉन्डहेमजवळच्या मेल्हुसचे, धंद्याने रंगारी. तरुणपणी काही वर्षं अमेरिकेत काम करताना त्यांनी तिथली लढाऊ कामगार चळवळ जवळून पाहिली होती. १९११ मध्ये ट्रॉन्डहेमच्या ठरावातून त्यांच्या गटाने मालकांशी बांधून घेणारे लेखी करारच नकोत, असं म्हटलं, आणि सहानुभूतीचा संप, बहिष्कार, कामात अडथळा ही हत्यारं पुढे केली. पुढच्याच वर्षी एका भाषणात ते बोलून गेले की संपकऱ्यांनी सुरुंगाच्या भोकांत थोडा डायनामाइट मागे ठेवला तर संपफोडे कामावर जायला इतके उत्सुक राहणार नाहीत. ते वाक्य जन्मभर त्यांच्या मागे लागलं. मला ते वाक्य समर्थनीय वाटत नाही, पण झाकूनही ठेवायचं नाही. १९१८ मध्ये त्यांच्या क्रांतिकारी गटाने मजूर पक्ष ताब्यात घेतला, १९१९ मध्ये पक्ष मॉस्कोच्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेत गेला. मात्र मॉस्को आदेश देऊ लागल्यावर १९२३ मध्ये त्यांनीच पक्षाला तिथून बाहेर काढलं. त्यानंतर उरलेले कम्युनिस्ट वेगळे झाले. पुढे १९२७ मध्ये सोशल डेमोक्रॅट परत येऊन एकी झाली. हे वळण एका सौम्य माणसाने घेतलेलं नाही, लढून शिकलेल्याने घेतलं.

ते कधी मंत्री झाले नाहीत, संसदेत जेमतेम एक मुदत होते. त्यांचं बळ पक्षाच्या दैनिकात, 'आर्बाइडरब्लाडे'त होतं, ज्याचे ते १९२१ पासून १९४९ पर्यंत संपादक होते (युद्धकाळ स्वीडनमध्ये निर्वासित म्हणून). नोबेल शांतता समितीवरही ते होते. १९४७ मध्ये फाळणीच्या हिंसेच्या काळात गांधीजींना पुरस्कार द्यायला नाखूश असलेल्यांत ते होते, याची मला खंत वाटते.

शेवटी युनियनबाजीचा मुद्दा, कारण मजकुराचा सगळा रोख त्यावरच आहे. मार्च १९३५ मध्ये कामगार महासंघ आणि मालकांचा संघ यांच्यात मूळ करार झाला. कामगारांचा संघटित होण्याचा हक्क मालकांनी त्यात लेखी मान्य केला. कारखान्यातल्या कामगार प्रतिनिधींचं स्थान ठरलं, आणि वेतनकरार चालू असेपर्यंत संप आणि टाळेबंदी दोन्ही बंद झाले. त्याच महिन्यात शेतकरी पक्षाशी समझोता करून मजूर पक्षाचं सरकार आलं. १९३१ मध्ये दोन्ही बाजू रक्तबंबाळ झाल्या होत्या आणि महासंघ मोडला नव्हता, म्हणूनच मालक वाटाघाटीच्या टेबलावर बसले. १९११ मध्ये करारच नकोत म्हणणाऱ्यांच्या चळवळीने सही केलेल्या त्या कागदाला नॉर्वेत 'कामगारजीवनाची राज्यघटना' म्हणतात, आणि दर काही वर्षांनी त्याचं नूतनीकरण होत आलं आहे.