लिमिट शून्य करा म्हणे!

आज सकाळी सात वाजता आमच्या नागपूरच्या लेआउटच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. दारू पिऊन गाडी चालवायची लिमिट ३० वरून शून्य करा, सहमत असाल तर हात वर करा. पहिला हात कोणाचा आला सांगू? काल रात्री वर्धा रोडच्या लॉनवर, लग्नाच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीच्या डिक्कीत बार लावून बसलेल्या काकांचा. डिस्पोजल ग्लास, शेव, बर्फाची पन्नी, सगळं व्यवस्थित. नवरदेवाकडचे पाचसहा जण भोवती उभे. साडेअकराला हेच काका गाडी काढून घरी आले, मागे काकू आणि त्यांच्या मांडीवर झोपलेला नातू. आणि सकाळी हात वर! खाली अजून चाळीस हात, त्यातले निदान चार मी काल त्याच डिक्कीपाशी पाहिले होते.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. इथे लिहून राहिलो, कारण इथे ते काका नाहीत.

माझा प्रॉब्लेम शून्याशी नाही. शून्य करा, उणे पाच करा. पण आत्ता जी ३० आहे ती कोणी मोजली आहे का कधी? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, ही काही ढिली लिमिट नाही बरं. साठचा एक पेग मारला की सत्तर किलोचा माणूससुद्धा बहुतेक तिच्या वर जातो. साडेसहाशेची स्ट्राँग बियर पूर्ण घेतली तर दुपटीच्याही वर. आणि शरीर तासाला साधारण पंधराच उतरवतं, त्यात लिंबूपाणी, इलायची, पान, तोंडावर पाण्याचा हबका यांनी तोंडाचा वास बदलतो, रक्तातलं काही हलत नाही. म्हणजे काका आजच्या कायद्यानेच गुन्हेगार होते, नव्या कायद्याची वाट कायले पाहायची?

माझ्या बाबांचं जुन्या मित्रांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. २००३, दिवाळीच्या आधीचे दिवस. बाबा हिंगणा एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून लुनावर घरी येत होते. टी-पॉइंटच्या अलीकडे मागून एका व्हॅनने उडवलं. व्हॅनवाला थांबला. उतरला, रडला, बाबांचे पाय धरले (एक पाय मोडलेला होता, तोच धरला), त्यांना उचलून मागच्या सीटवर टाकलं आणि दवाखान्यात घेऊन निघाला. स्वतः चालवत! तोंडाचा इतका वास की बाबा म्हणतात, मला पायाचं काही वाटत नव्हतं रे, मला त्या गाडीत बसायची भीती वाटून राहिली होती. एका ठिकाणी तो राँग साइडला गेला तेव्हा बाबांनी मागून ओरडून त्याला डावीकडे घेतलं. ज्याने उडवलं त्यालाच मोडलेल्या पायाने रस्ता दाखवत माझा बाप दवाखान्यात पोचला.

तिथे त्याला कोणी दारू मोजायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं नाही. रक्त घेतलं नाही. पोलिस आले दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर तो आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला होता. कागदावर नुसता अपघात. बाबांच्या पायात रॉड.

लिमिट तेव्हाही ३० च होती.

माझा भाचा ग्लासगोला शिकायला आहे. त्याला फोनवर हे सगळं बोललो तर तो म्हणे मामा, इथेही हेच झालं. २०१४ च्या डिसेंबरात स्कॉटलंडने लिमिट ८० ची ५० केली. खाली इंग्लंडात ८० च राहिली. मग तिथल्याच युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दोन्हीकडचे अपघात ताडून पाहिले, तर स्कॉटलंडचे काही कमी झालेले दिसले नाहीत. आकडा बदलला, रस्त्यावरची तपासणी काही त्या मानाने वाढली नाही. आणि आपण इंग्रजांच्याही किती खाली आहोत पाहा, ते ८० वर आणि आपण ३० वर. कागदावर आपण त्यांच्याहूनही सोज्वळ बाप्पा.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने १९८० ला ८० ची ५० केली. पण लोकांना धाक बसला तो १९८२ च्या डिसेंबरात, जेव्हा पोलिस कोणालाही, कुठेही, काही चूक नसताना थांबवून फुंकायला लावायला लागले. त्यानंतर मरणारे धाडकन कमी झाले. गाडी नीट चालवत असला तरी फुंक, मंत्र्याचा पोट्टा असला तरी फुंक. आपल्याकडे फुंकायला लावतात कधी? एकतीस डिसेंबरला, धुळवडीला, पोळ्याच्या करीला. म्हणजे वर्षातल्या ज्या तीन रात्री सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्या रात्री. त्या दिवशी पोट्टे गल्लीबोळातून जातात आणि बाकी वर्षभर राजरोस मेन रोडवरून.

हाव, कोणीतरी कमेंटमध्ये युटा टाकणारच. अमेरिकेतल्या त्या राज्याने २०१८ च्या शेवटी ८० ची ५० केली आणि पुढच्या वर्षी जीवघेणे अपघात कमी झाले. मान्य. आकड्यानेही फरक पडतो कधीकधी. पण तिथल्या माणसाला निघतानाच वाटतं की आज पकडला जाऊ शकतो. काकांना वाटलं होतं का काल?

आणि शून्यच पाहायचं असेल तर लांब कशाला, बुटीबोरीच्या पुढे जा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पूर्ण शून्य, गाडी चालवा की नका चालवू. मग काय होतं? तिकडचे लोक आपल्या हद्दीत येऊन बसतात आणि रात्री तोच हायवे धरून परत जातात. म्हणजे बंदीने पिणं थांबलं नाही, वर पिऊन चालवायचं अंतर वाढवून ठेवलं. (वर्ध्याचे मित्र चिडतील. चिडा. तुम्हीच मला हे हसत हसत सांगितलं होतं.)

दंडाचंही तेच. २०१९ ला कायदा बदलला, पहिल्या वेळचा दंड २ हजारांपर्यंतचा थेट १० हजार झाला, सहा महिन्यांपर्यंत जेल आधीही होती, आताही आहे. काल पार्किंगमध्ये १० हजाराची भीती मला तरी कोणाच्या तोंडावर दिसली नाही. आणि पुण्याचं पोर्शे प्रकरण विसरलात? मे २०२४, दोन तरुण इंजिनियर गेले, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप. नमुनाच दुसऱ्याचा असेल तर लिमिट ३० काय आणि शून्य काय?

कायद्यात लिहिलंय की अशा माणसाला अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी करा, नाहीतर सोडा. दोन तास! बाबांच्या वेळी पोलिसांना यायलाच बारा तास लागले.

...

चहा घेऊन आलो. वरचं वाचलं. जरा जास्तच साव बनून लिहिलंय मी.

तर हेही सांगतो. २०१० ला माझं प्रमोशन झालं तेव्हा अमरावती रोडच्या एका ढाब्यावर आम्ही तिघं बसलो होतो. मी तीन पेग घेतले आणि पल्सर काढली. बापाच्या पायात रॉड आहे हे माहीत असून काढली. वाडीच्या पुढे पोलिसांनी हात दाखवला, माझ्या पोटात गोळा. त्यांनी लायसन्स पाहिलं, पीयूसी पाहिलं आणि म्हणाले, हेल्मेट घातलंय, गुड, जा. गुड! मी पुढच्या चौकात गाडी लावून पाच मिनिटं हसत बसलो. घरी आलो तर बाबांनीच दार उघडलं, तो पाय ओढत. त्यांना वास आला असणारच. काही बोलले नाहीत, नुसती चावी माझ्या हातातून घेतली आणि आत गेले. सकाळी ती देव्हाऱ्यात सापडली.

त्या रात्री मशीन पुढे आलं असतं तर मी पुन्हा कधी प्यायलेला असताना गाडीला हात लावला नसता. आलं नाही, म्हणून नंतरही दोनदा लावला. लग्न झाल्यावर बंद झालं, त्यात कायद्याचा काही हात नाही, बायकोचा आहे.

आणि काकांचंही एक खरं आहे, साडेअकराला त्या लॉनवरून करणार काय माणूस? मेट्रो दहाच्या आसपास बंद. ऑटोवाला लॉनचं लाइटिंग पाहूनच भाव सांगतो. ॲपवरची गाडी येतो येतो म्हणून कॅन्सल. म्हणून डिक्की उघडायची असं नाही, पण लॉनवाले घोडा आणतात, डीजे आणतात, ड्रोन आणतात, चार ड्रायव्हर नाही आणू शकत? आमच्याकडे वरातीत गाडी कोण चालवणार हे ठरलेलं असतं, परतीला कोणी विचारत नाही.

बाबा आता आत येऊन विचारून राहिले, एवढ्या रात्री कोणाशी भांडून राहिला बे? सांगितलं. तर म्हणे, तो व्हॅनवाला माणूस वाईट नव्हता रे, पळाला नाही. बावीस-तेवीस वर्षं हेच ऐकतोय मी, दर वेळी डोकं फिरतं. पळाला नाही म्हणून चांगला! बाबा, तो पुन्हा तुम्हाला घेऊन रस्त्यावर गेला होता! ते म्हणे, हो, पण डावीकडे घे म्हटलं तर घेतली ना त्याने.

परवा त्याच लग्नाचं रिसेप्शन आहे, कोराडी रोडला. काकांना आत्ता पर्सनलवर मेसेज टाकला की काका, परवा मी येतो तुमच्यासोबत, परत येताना गाडी मी चालवीन, तुम्ही आरामात बसा. दोन्ही टिका निळ्या झाल्या आहेत. टायपिंग टायपिंग दिसतंय आणि बंद होतंय.