सायंकाळी ठीक 6 वाजता

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवरचा 'ठीक' हा शब्द मला फार आवडतो. कार्यक्रमपत्रिकेतली तेवढी एकच गोष्ट वेळेवर हजर असते.

हिशेब साधा असतो. 24 कार्यक्रम, प्रत्येकी 5 मिनिटं, म्हणजे 8 वाजता सगळे घरी. यात दोन नाचांमधलं अंतर शून्य धरलेलं असतं. प्रत्यक्षात दहा जणी उतरतात, दहा चढतात, एकीची ओढणी हरवते, आणि पेन ड्राइव्हवर 'लावणी फायनल', 'लावणी फायनल 2', 'लावणी हीच लाव' अशा तीन फायली निघतात. दर वेळी 3 मिनिटं धरा. 23 वेळा म्हणजे 69 मिनिटं. निवेदकाच्या चारोळ्या वेगळ्या.

उघड्या मैदानावर लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद. तेव्हा पहिला नाच 6.50 ला सुरू व्हायलाच हवा. पण त्याआधी समई पेटायची असते! ती पेटत नाही, कारण वाती कोरड्या असतात आणि पाहुण्यांना उकडू नये म्हणून फॅन सुरू असतो. वाती तासभर आधी तेलात भिजवून टोकाला कापूर लावावा आणि फॅनचं बटण कुणातरी एकाच्या ताब्यात द्यावं. एकाच्याच. दोघांना सांगितलं की दोघंही फोटोत असतात.

मग माईक शिट्टी मारतो. माईकला स्पीकरचा आवाज ऐकू येतो, तो पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, आणि हे चक्र चालू राहतं. म्हणून स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवतात. प्राचार्य मात्र भाषणात रंगले की माईक घेऊन नेमके स्पीकरच्या पुढ्यात येतात. साउंडवाला आवाज कमी करतो. सर 'हॅलो, हॅलो' करून तो माईक ठोकून बघतात.

दिव्यांचं गणितही कुणी करत नाही. स्टेजवर झोत टाकणारे 1000 वॉटचे 12 'पार' लाइट म्हणजे 52 अँपिअर. 16 अँपिअरच्या सॉकेटवर तीनच चालतात. पाच लावले की एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा खटका, लगेच पडत नाही. आधी तापतो आणि मग शिवराज्याभिषेकाच्या वेळी पडतो. जनरेटर सांगायचा असतो, पण तो खर्च बजेट मीटिंगमध्ये समोशांच्या आधी कापलेला असतो.

शेलापागोट्यांचा, म्हणजे एकमेकांना मारलेल्या टोमण्यांच्या चिठ्ठ्यांचा, डबा बहुधा न उघडताच परत जातो. 9.58 ला आभारप्रदर्शनाचा विद्यार्थी दोन पानं घेऊन येतो. दुसऱ्या पानाला माईक बंद होतो, तरी तो वाचत राहतो. समोर फक्त मंडपवाला असतो. त्याला खुर्च्या मोजायच्या असतात.