सैनिकाचे ओझे हलके कसे करावे

पुढच्या पिढीची रायफल विकसित करण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हे काम आपल्या निवृत्तीपर्यंत संपणार नाही, आणि संपलेच तर जिथून सुरू झाले होते तिथेच येऊन संपेल. पुढील सूचना मी पदरच्या सांगत नाही. अमेरिकन लष्कराने साठ वर्षे घालवून आणि अमाप डॉलर खर्चून त्या सिद्ध केलेल्या आहेत.

आरंभ नेहमी सैनिकाच्या कळवळ्यापासून करावा. त्याच्या अंगावरील प्रत्येक वस्तूच्या वजनाचा तक्ता काढावा आणि मग बोट ठेवावे काडतुसावर. ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाचे जवळजवळ निम्मे वजन पितळी पुंगळीचे असते, आणि गोळी सुटताच ती पुंगळी धुळीत पडते. जी वस्तू फेकूनच द्यायची, ती वाहायची कशाला, हा प्रश्न बैठकीत विचारला की सारे माना डोलावतात. पश्चिम जर्मनीच्या तंत्रज्ञांनी जी ११ या रायफलीसाठी पुंगळी खरोखरच काढून टाकली आणि दाबून घट्ट केलेल्या दारूच्या वडीतच गोळी बसवली. तेव्हा कळले की ही उपटसुंभ पुंगळी बाहेर पडताना रायफलीतील उष्णताही बरोबर घेऊन जात होती. ती नसल्यामुळे तापलेल्या रायफलीतील काडतूस चाप न ओढताच पेटू लागले. जर्मनांनी दारू बदलून तेही निस्तरले, पण तोवर १९९० साल उजाडले, दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि रायफल तशीच राहिली. सबब, प्रकल्प पूर्ण होण्याच्या सुमारास आपला शत्रू नाहीसा होणार नाही, याची त्याच्याकडून आधीच हमी घ्यावी.

उद्दिष्ट ठेवताना हात आखडता घेऊ नये. अमेरिकेने १९८६ मध्ये ठरवले की नव्या रायफलीचा नेम प्रचलित एम १६ च्या दुप्पट वेळा लागला पाहिजे. चार नमुने आले, त्यांतल्या काहींतून तर गोळीऐवजी बारीक पोलादी बाण सुटत होते. सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाले आणि दुप्पट कोणीच गाठली नाही. एक शस्त्र जमत नसेल, तर दोन शस्त्रे एकमेकांना जोडून पाहावीत. रायफलीवर २० मिलिमीटरचे, हवेत फुटणारे गोळे टाकणारी नळी बसवण्याचा प्रयोग पुढे झाला. ते लटांबर आठ किलोंच्या आसपास गेले, तेव्हा त्याचे दोन तुकडे करण्यात आले. त्यांतील रायफल २००५ मध्ये रद्द झाली आणि गोळे टाकणारे शस्त्र २०१८ मध्ये. एका बंद प्रकल्पातून दोन बंद प्रकल्प काढून दाखवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. (आपणही अगदीच मागे नव्हतो. २०११ मध्ये आपण नळी बदलताच वेगळ्या मापाची गोळी झाडणारी रायफल मागवली आणि २०१५ मध्ये ती निविदाच मागे घेतली.)

आता मुख्य भागाकडे वळू. २००४ पासून अमेरिकेत हलक्या काडतुसाचे काम सुरू होते: प्लास्टिकची पुंगळी, गोळी तिच्या पोटात पूर्ण बुडालेली आणि वजनात सुमारे ४० टक्के बचत. हे जमत आलेले पाहून काही अधिकाऱ्यांना हुरूप येतो; तो वेळीच आवरावा. २०१७ मध्ये लष्करप्रमुखांनी सिनेटच्या समितीला सांगितले की ५.५६ ची गोळी नवी चिलखते भेदत नाही. झाले, ६.८ मिलिमीटरचे दणकट काडतूस हवे झाले, आणि त्यातील दाब दर चौरस इंचाला ८०,००० पौंडांपर्यंत चढला. मोटारीच्या टायरमध्ये तो तिसाच्या घरात असतो. एप्रिल २०२२ मध्ये निवड झाली, तेव्हा प्लास्टिकवाले दोन्ही स्पर्धक घरी गेले आणि सिग सावर कंपनीचे काडतूस जिंकले. त्याची पुंगळी पितळेचीच आहे; दाब सोसावा म्हणून तिला पोलादाचे बूड बसवले आहे. ती सबंध पितळेची केली असती तर याहून जड झाली असती, हे खरे आहे, आणि नेमके हेच वाक्य आपण पाठ करावे. तुलना नेहमी न बनवलेल्या काडतुसाशी करावी, सैनिकाच्या खिशातल्या काडतुसाशी कधीही करू नये.

कारण खिशातला हिशेब अडचणीचा आहे. ५.५६ ची एम ४ रायफल घेऊन निघालेला सैनिक तीस-तीस गोळ्यांची सात मॅगझिने, म्हणजे २१० गोळ्या नेत असे, आणि त्यांचे वजन सुमारे ३.३ किलो भरे. या नव्या काडतुसासाठी सिग सावरने बनवलेल्या एम ७ रायफलीची मॅगझिनेही सातच, पण वीस-वीस गोळ्यांची. १४० गोळ्या, वजन सुमारे ४.४ किलो. रिकामी रायफल सायलेन्सरसह पुन्हा जवळजवळ साडेचार किलो. घरातला पाच लिटरचा तेलाचा डबा खांद्याच्या उंचीवर मिनिटभर धरून पाहावा, म्हणजे अहवालातील ‘स्वीकारार्ह वाढ’ या शब्दांचा अर्थ मनगटाला समजतो. तिच्या जोडीची, हेच काडतूस झाडणारी मशीनगन मात्र जुनीपेक्षा खरोखर हलकी झाली. तिच्या गोळ्यांनी ती चूक सुधारली.

या रायफलीचे नाव आधी एम ५ होते, पण ते कोल्ट कंपनीच्या एका रायफलीचे निघाल्याने २०२३ मध्ये बदलावे लागले. बारसे करण्यापूर्वी शेजारी चौकशी करावी.

कोणी जुना निवृत्त सुभेदार सभेत उठून १९५७ सालच्या एम १४ ची आठवण काढील, त्याला चहा पाजून बसवावे. ती रायफल चार किलोंची होती, मॅगझिन वीस गोळ्यांचे होते, आणि फार जड म्हणून, गोळ्या पुरेशा नेता येत नाहीत म्हणून साठच्या दशकात तिच्या जागी एम १६ आणली गेली. फिरून फिरून भोपळे चौकात, असे तो पुटपुटेल. तो पुण्याचा असल्यास हेही सांगेल की पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळेने हलकेपणासाठीच ५.५६ ची इन्सास रायफल आखली होती आणि २०१९ मध्ये आपण त्याच सिग सावरकडून ७.६२ च्या ७२,४०० रायफली मागवल्या. त्याला दुसरा चहा द्यावा.

मे २०२५ मध्ये एम ७ च्या नावामागचे ‘प्रायोगिक’ हे उपपद अधिकृतपणे गळाले. त्याच वर्षी तिची आखूड आणि हलकी आवृत्ती दाखवण्यात आली. तेव्हा वजनांचा तो तक्ता फेकू नये. खाली एक ओळ जागा आहे.